कुपवाडच्या कारखान्यात पोलादी पत्रा कापणारे वॉटरजेट समुद्रातील तेलविहीर बंद करतानाही वापरतात का?

होय, तत्त्व तेच आहे, कारण कुपवाड एमआयडीसीतील यंत्राप्रमाणे तेथेही कापण्याचे खरे काम अतिशय उच्च दाबाच्या पाण्याच्या झोतात मिसळलेली गार्नेटची कठीण वाळू करते. मात्र विहीर बंद होते ती सिमेंटच्या बुचांनी. वॉटरजेटची पाळी त्यानंतर, विहिरीचे तोंड कापून काढताना येते. नॉझल असलेले अवजार आतल्या नळीतून समुद्रतळाच्या खाली (अमेरिकेच्या नियमानुसार सर्वसाधारणपणे किमान १५ फूट) उतरवून सावकाश गोल फिरवले जाते आणि विहिरीच्या भिंतीला आधार देणाऱ्या, एकात एक बसवलेल्या केसिंग नळ्या, त्यांमधील सिमेंटसह, आतून बाहेर कापल्या जातात. हेच काम स्फोटकांनी केल्यास मासे व कासवे यांना होणारी इजा यात टळते.

खरी अडचण वेगळीच आहे. आपल्याकडे कापलेला तुकडा सुटून पडलेला समोर दिसतो. तेथे छेद पूर्ण झाला की नाही, हे सहजी दिसत नाही, आणि नळ्या एका बाजूला सरकलेल्या असल्या तर दूरची भिंत अर्धवट राहू शकते, म्हणून कापलेला भाग वर ओढूनच खात्री करावी लागते. शिवाय खोल पाण्यात झोताचा जोरही लवकर ओसरतो.