अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात अपघातानंतर गाडीची घटलेली किंमत मागताना

घाबरू नका, हा दावा कागदपत्रांवर उभा राहतो. दुरुस्ती उत्तम झाली तरी अपघाताची नोंद राहते आणि विकताना भाव पडतो. दुरुस्ती संपली की तो फरक चूक असलेल्या चालकाच्या विमा कंपनीकडे लेखी मागा.

कंपनी ही घट मोजायला बहुधा '१७-सी' नावाचे सूत्र लावेल: २०,००० डॉलरच्या गाडीचे १० टक्के, २,०००, नुकसान मध्यम म्हणून निम्मे, १,०००, ५०,००० मैल झालेत म्हणून गुणिले ०.६, हातात ६००! हे सूत्र म्हणजे कायदा नव्हे. लगेच मान्य करू नका.

नवखे इथे चुकतात:
- दुरुस्तीचा चेक घेताना सगळे हक्क सोडणाऱ्या 'रिलीज'वर सही करतात. ही सर्वांत महागडी चूक.
- स्वतंत्र अप्रेझरचा (गाडीची किंमत ठरवणाऱ्या तज्ज्ञाचा) अहवाल जोडत नाहीत.
- दुरुस्तीआधीचे फोटो काढत नाहीत.

खटला भरायची मुदत चार वर्षांची आहे, पण थांबू नका.