गॅरेजवाल्यानं ट्रक अडवलाय आणि इंजिन अजून ऑइल खातंय

प्रश्न : माझा २०११ चा सहाचाकी ट्रक आहे. एकच गाडी, मीच चालवतो, सोबत क्लीनर असतो. नाशिकहून वाशी मार्केटला कांदा-भाजी आणतो. इंजिन ऑइल खायला लागलं म्हणून चार महिन्यांपूर्वी एका गॅरेजमध्ये हाफ इंजिनचं काम काढलं. हेड, लायनर-पिस्टन किट, रिंगा सगळं नवीन. खर्च १,६२,००० सांगितला, १,२०,००० दिले, ४२,००० हळूहळू द्यायचं ठरलं. बिल कच्चं, वहीच्या कागदावर. नऊ हजार किलोमीटर झाले, तरी चारशे किलोमीटरला लिटरभर ऑइल जातंय, निळा धूर आहेच. परत दाखवायला नेली तर मालक म्हणतो, टर्बो गेलाय, त्याचे ३५,००० वेगळे, आणि आधीचे ४२,००० टाकल्याशिवाय गाडी हलणार नाही. अठरा दिवस झाले, आता रोजचे ३०० पार्किंगचे लावतोय. दुसरा मिस्त्री म्हणतो लायनरच चुकीचे बसलेत. माझ्याकडे दुसरी किल्ली आहे. रात्री गाडी काढून आणू का? ग्राहक मंचात जाता येईल का? – एक वाचक, मानखुर्द

उत्तर : आधी किल्लीचं बोलतो, कारण बाकी सगळं दुरुस्त होईल, ती चूक होणार नाही. गाडी तुमची आहे, आरसी तुमच्या नावावर आहे, हे खरं. तरीही रात्री जाऊन ती आणू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये चोरीची व्याख्या आहे आणि तिच्याखाली घड्याळाचं एक उदाहरण दिलेलं आहे. दुरुस्तीचे पैसे बाकी आहेत, घड्याळजीनं त्या पैशांसाठी घड्याळ कायदेशीरपणे ठेवून घेतलंय, आणि मालकानं ते तारण बुडवायच्या हेतूनं परस्पर उचललं, तर घड्याळ स्वतःचं असूनही ती चोरी. तुमच्या बाबतीत गॅरेजवाल्याला गाडी अडवायचा हक्कच नाही असं मला वाटतं. पण ते कोर्टात सांगायला तुम्हाला आधी पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागेल, आणि गाडीवर पोट असलेल्या माणसानं तो रस्ता धरू नये.

हक्क का नाही, ते पाहू. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७० नुसार, दुरुस्त करायला दिलेल्या वस्तूवर ज्यानं श्रम किंवा कसब खर्च केलं त्याला मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेता येते. मात्र हा धरणाधिकार त्या वस्तूवर केलेल्या त्याच कामापुरता असतो, आणि ताबा सुटला की तोही सुटतो. चार महिन्यांपूर्वी ४२,००० बाकी ठेवून त्यानं गाडी तुमच्या हवाली केली, तिथेच जुन्या बिलासाठी अडवायचा हक्क संपला. ते पैसे तो मागू शकतो, दावाही लावू शकतो, पण त्यांच्यासाठी आज गाडी धरून ठेवू शकत नाही. दुसऱ्या खेपेला त्यानं अजून पान्हाही लावलेला नसेल, तर या खेपेची मजुरी कसली? पार्किंगचे ३०० तर आधी ठरलेलेच नव्हते. स्वतःच अडवून ठेवलेल्या गाडीचं भाडं मालकाकडून मागायला या कलमात आधार नाही.

आता खऱ्या मुद्द्याकडे येतो. तुमची केस कलमांवर कमी आणि एका प्रश्नावर जास्त उभी आहे : ऑइल नेमकं कुठून जातंय? काम केल्यानंतरही इंजिन ऑइल खातं, एवढ्यानं गॅरेजवाल्याचा दोष सिद्ध होत नाही. लायनर, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी, किंवा पिस्टनवरच्या रिंगा यांत खोट असेल तर काम वाईट झालं. टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, पहिल्यापासून ऑइल टाकत असेल तर निदानच चुकलं आणि गरज नसताना इंजिन उघडलं. कायद्याच्या भाषेत दोन्ही सेवेतली त्रुटीच, पण पुरावा वेगळा आणि मागणीही वेगळी. आणि टर्बो काम झाल्यानंतर गेला असेल, तर गॅरेजवाला बहुधा सुटेल. म्हणून ‘टर्बो गेलाय’ हे त्याचं बोलणं त्याच्याकडून लेखी घ्या, निदान व्हॉट्सअ‍ॅपवर तरी. शिवाय विचारा, की इंजिन उघडण्याआधी टर्बो तपासला होता का, कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजलं होतं का, आकडे कुठे आहेत. उत्तर आलं नाही तर ते न येणंही उपयोगी पडेल.

इंजिन अजून कोणाला उघडू देऊ नका. तुमच्या दुसऱ्या मिस्त्रीचं बरोबरही असेल, पण एकट्यानं हेड काढलं तर समोरचा म्हणणार, यानंच बिघडवलं. तपासणी दोघांसमक्ष हवी. परवानाधारक मोटर सर्व्हेअर किंवा चार्टर्ड इंजिनिअर बोलवा, गॅरेजवाल्याला तारीख-वेळ लेखी कळवा. तो आला नाही तर तसं अहवालात लिहून घ्या.

सर्व्हेअरला काय बघायला सांगायचं तेही लिहितो, कारण अहवालात ‘इंजिन सदोष’ एवढंच आलं तर त्याचा उपयोग शून्य. आधी बाहेरची गळती नाही, रेडिएटरच्या पाण्यात ऑइल नाही आणि चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीत, ऑइल मापपट्टीच्या खुणेवर गेलेलं नाही, याची नोंद हवी. मग ब्रीदर, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी : इंजिन चालू असताना तिथून धुराचा जोरदार झोत येत असेल, म्हणजे मिस्त्री ज्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात ते असेल, तर संशय रिंगा-लायनरवर जातो. पण टर्बो खराब असला तरी ब्रीदरला दाब वाढतो, म्हणून तेवढ्यावर थांबू नये. टर्बोपासून इंटरकूलरकडे जाणारा पाइप सोडवून आत ऑइल साचलंय का, टर्बोची शाफ्ट हलते का, टर्बोतून चेंबरला परत येणारी ऑइलची नळी चोंदलेली आहे का, हे बघायला तासभर पुरतो आणि इंजिनला हात लावावा लागत नाही. ही नळी चोंदली तर चांगला टर्बोसुद्धा सीलमधून ऑइल सोडतो, मग ३५,००० कशाला?

ट्रकमध्ये आणखी एक चोरवाट असते, ती पुष्कळदा राहून जाते. ब्रेकच्या हवेचा कॉम्प्रेसर इंजिनच्याच ऑइलवर चालतो. त्याच्या रिंगा झिजल्या की ऑइल हवेच्या टाकीत जातं. टाकीचा ड्रेन उघडा. पाण्याबरोबर बरंच ऑइल आलं तर काही हिशेब तिथेच लागतो. मात्र निळा धूर त्यानं होत नाही, तो वेगळा शोधावा लागेल.

त्यानंतर प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा भरून ती कुठून गळते ते बघायची चाचणी. हवा भरल्यावर ती ऑइल भरायच्या तोंडातून फुसफुसली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह गाईड आणि त्याचे सील या चाचणीत पकडले जात नाहीत. त्यांची खूण वेगळी : बराच वेळ आयडलवर उभी ठेवून रेस दिली की, किंवा कसाऱ्याचा उतार संपवून अ‍ॅक्सिलरेटर दाबला की निळा लोट निघतो. तुमची गाडी तसं करते का, हे तुमच्याइतकं कोणाला माहीत असणार? शपथपत्रात ते तुमच्याच शब्दांत येऊ द्या.

चेंबरमधल्या ऑइलचा नमुना दोघांसमक्ष सीलबंद करून प्रयोगशाळेत द्या. सिलिकॉन जास्त निघालं तर बहुधा धूळ आत गेलीय, म्हणजे एअर फिल्टर किंवा त्याच्या पाइपची जोडणी सैल आहे. धूळ नव्या रिंगाही थोड्या दिवसांत खाते. इथे तुम्हालाही स्वतःला प्रश्न विचारावा लागेल : नंतर फिल्टर कोणी उघडला होता? तुम्हीच उघडला असेल तर मला आत्ता सांगा, आयोगासमोर उलटतपासात नको.

शेवटी गरज पडलीच तर हेड उघडून लायनरच्या आतल्या होनिंगच्या (ऑइल धरून ठेवायला मुद्दाम घासून काढलेल्या) रेघा, रिंगांची गॅप आणि पिस्टनवरचे ओरखडे मोजमापासह फोटोत घ्यायचे. जुन्या रिंगा, जुने लायनर गॅरेजनं परत दिले होते का? दिले असतील तर भंगारात घालू नका.

ग्राहक आयोगात जाता येईल का? ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ व्यावसायिक हेतू वगळतो, पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी वापरलेली वस्तू त्या वगळण्यात येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात नेमकं ट्रकचंच उदाहरण दिलं : स्वतः चालवण्यासाठी ट्रक घेणारा ग्राहकच, आणि एक-दोन माणसं मदतीला ठेवली म्हणून तो ग्राहक राहत नाही असं नाही. म्हणजे तुमच्या क्लीनरची अडचण नाही. एक खाचखळगा आहे. नव्या कायद्यातलं हे स्पष्टीकरण वस्तूंबद्दल बोलतं, सेवेबद्दल नाही. समोरचा वकील त्यावर बोट ठेवील. म्हणून तक्रारीत लायनर-पिस्टन किट आणि रिंगा ‘विकत घेतलेला माल’ म्हणून आणि मजुरी ‘सेवा’ म्हणून, दोन्ही वेगळं लिहा. सोबत आरसी, तुमचं लायसन्स, गाडी एकच असल्याचं शपथपत्र जोडा. बुडालेल्या ट्रिपांची भरपाई मागा, पण बिल्टी (मालवाहतुकीची पावती) आणि फास्टॅगच्या नोंदींवरून निघेल तेवढीच. फुगवलेला आकडा तुम्हाला मोठा व्यावसायिक दाखवतो.

राहता मानखुर्दला, त्यामुळे तक्रार वांद्रे पूर्वेच्या मुंबई उपनगर जिल्हा आयोगात. दिलेला मोबदला पाच लाखांच्या आत आहे, म्हणून फी नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे. कच्च्या बिलानं घाबरू नका. पक्कं बिल न देणं हीच याच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. बँकेतून गेलेले पैसे आणि चॅट मिळून बिलाची जागा भरून निघेल. चॅटसाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, तेव्हा तोच फोन जपा, मेसेज पुसू नका.

गाडी सोडवायला दोन वाटा आहेत. तक्रारीसोबत कलम ३८(८) खाली अंतरिम आदेश मागता येतो, पण त्यात आठवडे जातील. तुमचा हप्ता चालू असेल तर माझा सल्ला दुसरा आहे : तपासणी आटोपली की ४२,००० बँकेतून भरा, आणि त्याच दिवशी स्पीड पोस्टानं कळवा की ही रक्कम हरकत राखून, गाडी सोडवण्यापुरती देतोय, कामाचं समाधान झालं म्हणून नाही. हे पैसेही नंतर परत मागता येतात. पार्किंगचे देऊ नका. ‘काम समाधानकारक’ अशा कुठल्याही कागदावर सही करू नका.

आणि गाडी ताब्यात आली की चालवत आणू नका, टोचन लावून आणा. टर्बो खरोखरच ऑइल टाकत असेल तर इंजिन स्वतःच्याच ऑइलवर सुसाट धावू शकतं. किल्ली बंद करून, डिझेल तोडूनही ते थांबत नाही.