उत्तर : नोकरी आहे, पण मन लागत नाही

भावा, बी.कॉम. होऊन पाच वर्षं झाली, कोल्हापुरात शाहूपुरीत हिशेबाचं काम करतोस, मन लागत नाही, घरात विचारावं असं कोणी नाही. हे तुझं वाचलं आणि रात्री झोप लागेना. 2011 साली मी याच जागी होतो.

बायोडाटा, इंग्रजी वगैरे तुला ठाऊक असेलच. मला महाग पडली ती कलचाचणी. एका मार्गदर्शन केंद्रात नऊ हजार भरले, दीड तास गोल काळे केले. आठवड्यानं 22 पानी अहवाल हातात आला : प्रशासकीय सेवेसाठी योग्य. माझ्याशी बोलले जेमतेम दहा मिनिटं. शंका घेऊन परत गेलो तर म्हणाले, पुढच्या भेटीचे पैसे वेगळे. त्या कागदाच्या भरवशावर नोकरी सोडली आणि पुण्यात अभ्यासिकेत अडीच वर्षं काढली. घरात पगार किती येतो हे न विचारता पोराला असला सल्ला देतात, याचा मला अजून संताप येतो. पण प्रशासनात काम करणाऱ्या एकाही माणसाला मी तोवर भेटलो नव्हतो, ही चूक माझीच.

परत आल्यावर मामांच्या ओळखीनं उद्यमनगरात एका पॅटर्नवाल्याकडे बिलं लिहायला बसलो. पॅटर्न म्हणजे ओतकामाचा साचा ज्यावरून पाडतात तो लाकडी नमुना. तिथल्या मिस्त्रींची पट्टी सहज माझ्या पट्टीला लावून पाहिली, तर त्यांची लांब! ओतीव लोखंड थंड होताना मीटरला साधारण 10 मिलिमीटर आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा आणि त्यासाठी पट्टीच वाढीव. स्टीलची पट्टी आणखी वेगळी. त्या दिवशी बिलं तशीच राहिली, दिवेलागणीपर्यंत मी लाकूड घासत बसलो. आज तेच माझं काम आहे. आता बरंच संगणकावर आखून मशीनवर कापतात, तेही शिकून घेतलं.

म्हणून सांगतो, घरी बसून आवड सापडते यावर माझा विश्वास नाही. नोकरी सोडू नकोस. रजा टाक आणि जे काम डोक्यात आहे तिथं आठ दिवस उभा राहा, शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यात, गुजरीत सराफाकडे, कुठंही. (गुऱ्हाळ बघायचं तर दिवाळीनंतर जा, हंगाम तेव्हाच असतो.) मालकाला विचारू नकोस, तो चांगलंच सांगणार. कामगाराला विचार, यातलं सगळ्यात कंटाळवाणं काय? ते तुला रोज चालणार असेल तरच पुढं जा.

स्पर्धा परीक्षा वाईट असं मी म्हणत नाही, माझा खोलीतला जोडीदार आज तहसील कार्यालयात मनापासून काम करतोय. आणि माझ्या डोक्यावर तेव्हा कर्ज नव्हतं, तुझं गणित निराळं असेल. ते आधी मांड, हिशेब तर तुझ्याच हातातला आहे.

डोक्यात नेमकं कोणतं काम घोळतंय ते तू लिहिलं नाहीस. ते लिही. लाकूड-लोखंडाचं असेल तर एखाद्या वर्कशॉपमध्ये उभं राहायची सोय मी करून देतो.