खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी मुदत ठेव मोडावी का?

कोपरखैरणे येथील एका वाचक भगिनींकडे 200 लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. सासऱ्यांच्या आजारपणामुळे दीड वर्ष तिच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते, तरी दोन क्लाउनफिश आणि एक डॅमसेल तिच्यात तग धरून आहेत. दुरुस्तीचे अंदाजपत्रक 62,000 रुपयांचे आले असून, त्यासाठी दीड लाखाची मुदत ठेव मोडावी की क्रेडिट कार्डावर हप्ते करावेत, असे त्या विचारतात. घरखर्च आणि 8,000 रुपयांची एसआयपी वजा जाता त्यांच्याकडे महिन्याला 11,000 रुपये उरतात.

ताई, मासे आपण जरूर ठेवावेत. मात्र पैसे उभे करण्याचे हे दोन्ही मार्ग मला मान्य नाहीत. ती ठेव हाच आपला आपत्कालीन निधी आहे आणि घरात आजारी माणूस असताना त्याला हात लावू नये. कार्डाचे महाग व्याज तर या कामासाठी मुळीच परवडणारे नाही.

अंदाजपत्रकातील 18,000 रुपयांचे दिवे प्रवाळांसाठीचे आहेत. नुसत्या माशांना इतका प्रखर प्रकाश लागत नाही. शिवाय आपल्या समुद्रातील प्रवाळांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण असल्याने कोणी ते विकत देऊ केले तरी घेऊ नयेत. नव्या माशांचे 5,000 आणि टाकी रिकामी करून वाळू बदलण्याचे 6,000 हेही वगळावेत. हे शेवटचे काम तर घातक ठरेल. जुन्या टाकीत पाण्याचा सामू (पीएच) घसरलेला असतो आणि त्यामुळे साठलेला अमोनिया कमी विषारी रूपात राहतो. एकदम ताजे पाणी भरल्यास सामू चढतो, तोच अमोनिया विषारी होतो आणि इतके दिवस टिकलेले मासे दगावतात. अमोनियाचा निचरा करणारे जिवाणू दगडांवर आणि वाळूत वाढलेले असतात, म्हणून ते नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याने धुऊ नयेत. आठवड्याला 20 लिटर पाणी बदलत जावे. त्यासाठी सुमारे 700 ग्रॅम समुद्री मीठ आणि आरओचे पाणी लागते. ठाण्याच्या खाडीचे प्रदूषित पाणी फुकट मिळाले तरी टाकीत घालू नये.

देखभालीसाठी आपण धरलेले महिना 1,500 रुपये मला अपुरे वाटतात. चिलर (पाणी थंड ठेवणारे यंत्र), पंप आणि साधा दिवा मिळून सरासरी 200 वॅट धरले, तर महिन्याला 144 युनिट होतात. आपला वापर आधीच 140 युनिट असल्यामुळे ते सगळे महावितरणच्या 101 ते 300 युनिटांच्या महाग टप्प्यात पडतील. मीठ, खाद्य आणि चाचणी संच धरून मी महिना 4,000 म्हणजे वर्षाला 48,000 रुपये धरेन. नीट सांभाळलेले क्लाउनफिश दहा वर्षांहून अधिक जगू शकतात, म्हणून आपला निर्णय याच आकड्यावर ठरवावा.

आता अंदाजपत्रकातले उरले 33,000. स्किमरचे (पाण्यातील घाण फेसावाटे काढणाऱ्या यंत्राचे) 9,000 दिवाळीच्या बोनसमधून लगेच द्यावेत. चिलरच्या 24,000 साठी नोव्हेंबरपासून दरमहा 6,000 बाजूला टाकल्यास उन्हाळ्याच्या तोंडाशी रक्कम हाती येईल. थंडीत त्याच्यावाचून निभावेल. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप मात्र आजच घ्यावा, कारण वीज गेल्यावर पाण्यातील प्राणवायू झपाट्याने घटतो.

उपचारांचा खर्च वाढून महिन्याची शिल्लक 5,000 च्या खाली जाण्याची शक्यता असेल, तर मासे खाडीत न सोडता अनुभवी मत्स्यपालकाकडे सोपवावेत. हा विचार चिलर घेण्यापूर्वीच करावा, कारण वापरलेल्या चिलरला पुढे चांगली किंमत मिळणे कठीण असते.