स्वस्त कार्ड, तरी गिऱ्हाईक कमी का?

प्रश्न : इंटेलच्या आर्क बी५८० या ग्राफिक्स कार्डमध्ये १२ जीबी मेमरी आहे, तरी बाजार एनव्हिडियाच्याच हातात का? माझ्या जुन्या पीसीत ते चालेल का?

उत्तर : मुख्य कारण कूडा, म्हणजे फक्त एनव्हिडियाच्या कार्डांवर प्रोग्राम चालवण्यासाठीची तिची स्वतःची प्रणाली. २००७ पासून रेंडरिंग आणि एआयची कितीतरी सॉफ्टवेअर त्यावर उभी राहिली. स्टुडिओंना ती सोडणं परवडत नाही. म्हणून इंटेल किमतीवर लढते : बी५८० २४९ डॉलरला आलं, एनव्हिडियाचं ८ जीबीचं आरटीएक्स ४०६० २९९ ला.

जुन्या पीसीत मात्र जपून. बायोसमध्ये (पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये) ‘रिसायझेबल बार’, म्हणजे प्रोसेसरला कार्डची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय, सुरू नसेल तर वेग फार पडतो. ती सुरू करण्यासाठी सीएसएम (जुन्या पद्धतीने पीसी सुरू करण्याची सोय) बंद करावं लागतं, आणि विंडोज एमबीआर या जुन्या मांडणीच्या डिस्कवर असेल तर पीसी सुरूच होत नाही. आधी बॅकअप घ्या, डिस्क जीपीटी या नव्या मांडणीत बदला. बायोसमध्ये रिसायझेबल बारचा पर्यायच नसेल तर हे कार्ड घेऊ नका.