फिल्म फेस्टिव्हलमध्ये पुरस्कार मिळालेले, पण खरंच बघण्यासारखे स्वतंत्र चित्रपट कोणते? एकदा प्रयत्न केला होता, अर्ध्यात झोप लागली.

झोप लागली यात लाजण्यासारखं काही नाही. मी पुण्यातल्या फेस्टिव्हलला सकाळी नऊच्या शोपासून रांगेत उभा राहणारा माणूस आहे आणि दुपारच्या जेवणानंतरच्या शोला मीही हमखास पेंगलोय. तुम्ही कोणता चित्रपट लावला होता ते लिहिलेलं नाही, पण माझा अंदाज असा की सुरुवात चुकीच्या ठिकाणी झाली. अनोळखी देश, अनोळखी भाषा, खाली पळणारी सबटायटल्स आणि वर पुरस्काराचं दडपण. त्यापेक्षा बाहेर जाऊन बक्षीस घेऊन आलेल्या आपल्या मराठी चित्रपटांपासून सुरुवात करा. माणसं ओळखीची असली की संथपणा खुपत नाही.

पहिला 'कोर्ट'. चैतन्य ताम्हाणेचा पहिलाच चित्रपट. २०१४ साली व्हेनिसच्या फेस्टिव्हलला ओरिझोंती या नव्या वाटा शोधणाऱ्या चित्रपटांच्या विभागात सर्वोत्कृष्ट ठरला, शिवाय पदार्पणाचा पुरस्कारही मिळाला. पुढे राष्ट्रीय पुरस्कार आणि ऑस्करसाठी भारतातर्फे निवड. गोष्ट ऐकायला विचित्र वाटते. गटारात उतरणारा एक सफाई कामगार मरतो आणि पोलीस एका म्हाताऱ्या लोकशाहीराला पकडतात. आरोप काय, तर त्याचं गाणं ऐकून कामगारानं आत्महत्या केली. मग तारीख पे तारीख.

यात आरडाओरडा करणारे वकील नाहीत, टेबलावर मूठ आपटणं नाही. कामगाराची बायको साक्षीला उभी राहते आणि सपाट आवाजात सांगते, की नवरा आत उतरण्याआधी दगड टाकून बघायचा. झुरळं बाहेर आली तर आत हवा आहे, उतरायला हरकत नाही. एवढंच. पुढचे दोन-तीन प्रश्न मला ऐकूच आले नाहीत.

आणि सरकारी वकील बाई (गीतांजली कुलकर्णी, काय काम केलंय!). कोर्टात ही बाई कायद्याची कलमं वाण्याच्या यादीसारखी घडाघडा वाचते. मग कॅमेरा तिच्या मागोमाग लोकलनं घरी जातो. वाटेत मुलाला घेते, घरी येऊन स्वयंपाक करते, सुट्टीच्या दिवशी सगळे नाटकाला जातात. आपल्याच सोसायटीतली वाटावी अशी. तिचा राग करावा की नको, हेच कळत नाही. शाहीर झालेले वीरा साथीदार हे नागपूरचे खरेखुरे कार्यकर्ते होते. २०२१ मध्ये कोविडनं गेले.

एक सूचना. शेवटाकडे कोर्टाला सुट्टी लागते, एकेक दिवा बंद होतो आणि पडदा पूर्ण काळा होतो. मी थिएटरमध्ये पाहिला तेव्हा निम्मे लोक उठले, एक काका तर खुर्चीखालची पिशवी चाचपत होते. उठू नका. चित्रपट तिथे संपत नाही, आणि पुढची काही मिनिटं चुकली तर बरंच काही चुकलं.

ताम्हाणेचाच दुसरा, 'द डिसायपल', २०२० मध्ये व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत होता. पटकथेचा पुरस्कार मिळाला. शास्त्रीय गाणं शिकणारा एक मुलगा, ज्याच्यापाशी निष्ठा आहे, रियाज आहे, आणि तरीही... हा तुम्ही लगेच बघू नका. रात्रीच्या रिकाम्या रस्त्यावर तो मोटरसायकल चालवतोय आणि कानात त्याच्या गुरूंच्या दिवंगत गुरू माई यांचं प्रवचनवजा ध्वनिमुद्रण चालू आहे, असे लांबच लांब प्रसंग आहेत. माईंचा आवाज दिग्दर्शिका सुमित्रा भावे यांचा. मला हा 'कोर्ट'पेक्षाही जवळचा, पण मी लहानपणी सहा वर्षं पेटी शिकून सोडून दिलेली आहे, त्यामुळे माझं मत निःपक्षपाती धरू नका.

झोपेची फारच भीती असेल तर अविनाश अरुणचा 'किल्ला' घ्या. बर्लिनला २०१४ मध्ये क्रिस्टल बेअर मिळाला, आणि तो मुलांच्या ज्यूरीनं दिलेला, म्हणजे कंटाळवाणा नसल्याची याहून मोठी हमी कुठली? वडील गेलेला मुलगा, आईची बदली, कोकणातला पाऊस.

आता 'स्थळ'. जयंत सोमलकरचा, २०२३ मध्ये टोरांटोच्या फेस्टिव्हलला नेटपॅक हा आशियाई चित्रपटांसाठीचा पुरस्कार मिळालेला. चंद्रपूर जिल्ह्यातलं गाव, कापसाची शेती, लग्नाची मुलगी. पाहुणे येतात, मुलगी पाटावर बसते, नाव, शिक्षण, उंची, तेच प्रश्न, पोहे, नकार. पुन्हा पाहुणे, पुन्हा तेच. पहिल्या खेपेला हसू येतं. तिसऱ्या खेपेला हसणारा कुणी उरत नाही. हा मी आईबरोबर पाहिला. ती एरवी चित्रपटभर बोलते. या वेळी गप्प होती. बाहेर पडून रिक्षात बसल्यावर म्हणाली, "पाटावर बसताना साडीच्या निऱ्या कुठं धरायच्या, ते आम्हाला मावशीनं आठ दिवस शिकवलं होतं." किती स्थळं आली होती, ते मी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

आणि सगळ्यात ताजा, रोहन कानवडेचा 'साबर बोंडं'. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स फेस्टिव्हलला परदेशी कथापटांच्या विभागातलं सर्वोच्च ज्यूरी पारितोषिक. वडील वारल्यावर मुंबईचा आनंद दहा दिवसांसाठी गावी येतो. सुतक, नातेवाईक, आणि "लग्नाचं काय?" हा जिथंतिथं गाठणारा प्रश्न. तिथं त्याला लहानपणचा मित्र बाळ्या भेटतो आणि दोघांमधलं प्रेम हळूहळू उलगडतं. 'असल्या' विषयावर चित्रपट म्हटला की आपल्याकडे भांडण, मारहाण, रडारड गृहीत धरतात. इथे आईला माहीत आहे, ती मुलाच्या बाजूनं उभी आहे, आणि तसं भाषण ती कुठंही ठोकत नाही. पार्श्वसंगीत नाही, गावाचे आवाज तेवढे आहेत. म्हणून हा मोबाइलच्या स्पीकरवर बघू नका, निदान हेडफोन तरी लावा.

आता क्रम. शनिवारी रात्री 'किल्ला', घरच्यांबरोबर. पुढच्या आठवड्यात 'कोर्ट', एकट्यानं, आणि जेवणाआधी. मग 'स्थळ' आणि 'साबर बोंडं' कुठलाही आधी. 'द डिसायपल' नेटफ्लिक्सनं घेतला होता, तिथे शोधा, पण दिवाळीच्या सुट्टीत, सकाळी, चहा घेऊन.

'कोर्ट'मध्ये दिवे विझल्यावर उठला होतात का, तेवढं मात्र खाली लिहा.