त्सुकुशी हे जपानी नाव कितपत प्रचलित आहे आणि त्याचा नेमका उच्चार काय?

जपानमध्ये मुलीचं नाव 'त्सुकुशी' खरंच ठेवतात का आणि आपल्याला ते नीट म्हणता येईल का, असं तुम्ही विचारलं आहे. ठेवतात, पण क्वचित. आणि म्हणण्याच्या बाबतीत मराठी माणसाला फार कष्ट नाहीत.

'चुकून' हा शब्द मोठ्याने म्हणा. जीभ दातांमागे टेकून जो च निघतो, तोच 'त्सु'ची सुरुवात. चूल, चुलत यांतही तोच. चहातला च इथे चालणार नाही. हिंदी आणि इंग्रजी बोलणाऱ्यांच्या तोंडी शब्दाच्या सुरुवातीला हा ध्वनी नसतो, म्हणून ते त गाळून 'सुकुशी' म्हणतात. 2004 साली त्सुनामीची 'सुनामी' झाली तीही अशीच.

'उ' म्हणताना ओठांचा चंबू करू नका, ओठ सैल ठेवा. मात्रा तीन: त्सु, कु, शि. तिघींना सारखाच वेळ, कुठेही आघात नको. टोकियोकडे यातला एखादा उ, बहुधा पहिला, इतका पुसट होतो की कानाला 'त्स्कुशि' ऐकू येतं. स्वर पुसट झाला तरी त्याचा वेळ मात्र जात नाही. तो वेळही गिळलात तर नाव दोन मात्रांचं होतं आणि जपानी कानाला खटकतं. क्योतो-ओसाकाकडे स्वर तुलनेने स्पष्ट राहतात, त्यामुळे सुरुवातीला तिन्ही अक्षरं स्वच्छ म्हटलीत तरी बिघडत नाही.

आपली खरी अडचण शेवटच्या अक्षराची. मराठी लेखननियमानुसार शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ लिहायचा, म्हणून मीही वर 'त्सुकुशी' लिहिलं. पण जपानीत तो ऱ्हस्व आहे, आणि तिथे लांबीने अर्थ बदलतो: 'ओबासान' म्हणजे काकू-मावशी, 'ओबाऽसान' म्हणजे आजी. तेव्हा लिहा दीर्घ, पण बोलताना 'शि' तोडून म्हणा.

आता प्रचलनाबद्दल. जपान सरकार बाळांच्या नावांची आकडेवारी प्रसिद्ध करत नाही. लोक पाहतात ती मेइजी यासुदा या विमा कंपनीची दरवर्षीची यादी. तिच्या अलीकडच्या पहिल्या शंभरांत त्सुकुशी नाही. कानाला जवळचं वाटणारं 'त्सुमुगी' मात्र 2021 मध्ये मुलींत पहिलं होतं, त्यामुळे या दोघांची गल्लत करू नका. परदेशात त्सुकुशी ऐकलेले बहुतेक जण 1992 साली सुरू झालेल्या 'हाना योरी दांगो' या मांगामुळे (जपानी चित्रकथेमुळे) ओळखतात. तिची नायिका माकिनो त्सुकुशी.

नाव आलं आहे एका वनस्पतीवरून. वसंताच्या तोंडावर बांधावर, नदीकाठी बोटभर उंचीचे, फिकट तपकिरी, टोकाला बोंडासारखे कोंब उगवतात, तेच त्सुकुशी. सांध्यांभोवतीचं करवती कडेचं वेष्टण एकेक करून सोलून टाकायचं, मग कोंब उकळायचे आणि सोया सॉसमध्ये शिजवून खायचे. शेतकऱ्याच्या लेखी मात्र हे उपटून न संपणारं तण. म्हणून नावात नाजूकपणापेक्षा चिवटपणा जास्त आहे, आणि मला ते त्यासाठीच आवडतं.

लिहिताना बरेच पालक हिरागाना या साध्या, उच्चाराप्रमाणे लिहायच्या जपानी लिपीतली तीन अक्षरं वापरतात, आणि तेच शहाणपणाचं. कांजीत, म्हणजे चिनी मूळच्या अर्थवाचक चिन्हांत, 'माती' आणि 'कुंचला' ही दोन चिन्हं जोडून लिहितात. दोन्ही नित्यवापराच्या अधिकृत यादीत असल्याने नोंदणीला अडचण नाही. 26 मे 2025 पासून कुटुंबनोंदणीत नावाचा उच्चारही नोंदवावा लागतो आणि तो सर्वमान्य असावा लागतो. हे वाचन शब्दकोशात असल्याने तिथेही अडणार नाही. क्युशू बेटाच्या उत्तर भागाचं जुनं नाव असलेलं 'त्सुकुशी' वेगळ्या कांजीत लिहितात. ती टाळा, कारण तीच चिन्हं 'चिकुशी' अशीही वाचतात. फुकुओकाजवळचं चिकुशिनो शहर हे त्याचंच उदाहरण.

मराठी घरात मुलीसाठी विचार करत असाल तर एक गोष्ट आधीच तोलून पाहा. सुरुवातीला 'चुक' आणि शेवटी 'शी' ऐकू येणारं नाव शाळेत चिडवायला सोपं आहे. तरीही पक्कं असेल, तर देवनागरीत 'त्सु'च लिहा. 'चु' लिहिलंत तर मराठी न येणारा प्रत्येक जण चहातला च वाचेल. रोमन लिपीत टी-एस-यू-के-यू-एस-एच-आय लिहा, जपानी पासपोर्टवरही हेच असतं. जपानी शाळांत शिकवलेल्या दुसऱ्या पद्धतीत ते टी-यू-के-यू-एस-आय होतं. ते भारतात कागदोपत्री वापरलंत तर मुलीला जन्मभर 'तुकुसी' अशी हाक ऐकावी लागेल.